चौथ्या आवर्तनातला उशीर

७४, वॉर्विक क्लोज, रीडिंग
१२ मार्च १९८९

सुमेधा,

वर ‘चि.’ लिहायचं राहून गेलेलं नाही. लिहिलेलं नाही.

तुझं पार्सल गुरुवारी आलं. आत पत्र नाही, साधी चिठ्ठी नाही. एक मोठी काळी रेकॉर्ड, तिच्या मधोमध पांढरा कागद आणि त्यावर जाड पेनने लिहिलेला आकडा: ७४. मला वाटलं, किती वेगाने वाजवायची ते लिहिलं असेल. पण रेकॉर्ड अठ्ठ्याहत्तरवर वाजते, पंचेचाळीसवर वाजते. चौऱ्याहत्तरवर वाजणारी मी पाहिलेली नाही. तुझ्या बाबांनी ती सरळ पंचेचाळीसवर लावली. तीच बरोबर हे कसं कळलं असं विचारलं, तर म्हणाले, “अंदाज.”

मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू बसस्टॉपवर उभ्या उभ्या वाचून पत्र खिशात कोंबलं असतंस. मराठी वाचायला तुला अर्धा तास लागेल. तेवढा वेळ तरी एका जागी बसशील.

सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तू माझ्याकडे पियानो शिकलीस, म्हणून वही तपासावी तशी ही रेकॉर्ड तपासली. तीन वेळा ऐकली, लाल पेन्सिल हातात धरून.

पहिली चूक. तुझा ठोका लंगडा आहे. आठ ठोके, पुन्हा आठ, पुन्हा आठ, आणि चौथ्या आवर्तनात सहाव्या ठोक्यानंतर कोणीतरी अडखळतं. सातवा ठोका उशिरा येतो. एकदा झालं असतं तर मी म्हटलं असतं, नजर चुकली. पण ते सात मिनिटं दर चौथ्या आवर्तनाला होतं. घर सोडून, कॉलेज सोडून ज्या मशीनच्या मागे गेलीस, त्या मशीनला आठपर्यंत मोजता येत नाही?

दुसरी. ठोक्याच्या मागे सतत काहीतरी बारीक किणकिणतं. त्याला ना सूर, ना जागा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, जो स्वर काम करत नाही त्याला घरी पाठवा. हा घरी का गेला नाही?

तिसरी सगळ्यात वाईट. तुझ्या रचनेला शेवटच नाही. सूर कितीही भटकला तरी शेवटी मुक्कामाला यावा लागतो, हे तू सात वर्षांची असताना तुला कळत होतं. इथे मध्येच ‘खट’ असा आवाज होतो आणि सगळं बंद. गाणं संपत नाही, पळून जातं. ते ऐकून मात्र पटलं की रेकॉर्ड तुझीच आहे.

बाबांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” चष्मा वर सरकवून म्हणाले, “छान आहे की. ठोका देणारा मात्र जरा हौशी दिसतो.” आणि हसत बसले. तुझी बाजू घ्यायची असली की ते असंच काहीतरी बोलतात.

आणि हो, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, मी महाराष्ट्र मंडळातल्या मधुमतीबरोबर वेम्बलीला खरेदीला गेले होते तेव्हा, तू घरी येऊन गेलीस हे मला माहीत नाही असं समजू नकोस. तुझ्या बाबांनी दोन कप धुवून ठेवले होते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांनी एक कप धुतलेला मी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशी दोन. “दोनदा चहा घेतला,” म्हणाले. माझ्या घरी माझी पाठ वळल्यावर यायचं असेल तर निदान कप तरी नेहमीच्या जागी ठेवायला त्यांना शिकव.

तुझी शिक्षिका,
सुप्रभा


४ जून १९८९

सुमेधा,

तुझं उत्तर मिळालं. ओळी पाच, चुका सहा. ‘तुझा पत्र मिळाला.’ बाबा तुला शनिवारच्या मराठी वर्गाला नेत होते ते काय नुसते बटाटेवडे खायला? पुढे लिहितेस, ‘आई, तू चुका ऐकली, माणूस नाही ऐकली.’ हे वाक्य व्याकरणाने चूक आहे आणि अर्थानेही. रेकॉर्डवर माणूस होता कुठे? एकही आवाज गात नव्हता.

आता दुसरी गोष्ट. मधुमतीचा अतुल इथेच एका कॉम्प्युटर कंपनीत लागला आहे. तो तुझी मुलाखत छापलेलं मासिक घेऊन मोठ्या कौतुकाने आला. “काकू, सुमेधा फेमस झाली!” केस मुलासारखे कापलेला तुझा फोटो पाहिला. मग तुझं वाक्य वाचलं. आईने मला नियम शिकवले, ते सगळे मेलेल्या माणसांसाठी होते, असं तू म्हणालीस. अतुल शेजारीच उभा होता. “तसं म्हणायचं नसेल हो काकू तिला,” म्हणाला. दुसऱ्याच्या मुलाने मला धीर द्यावा अशी वेळ तू आणलीस.

नियम करणारी माणसं मेली म्हणून नियम मेलेल्यांसाठी होतात का? पहिली भाकरी ज्या बाईने थापली ती कुठे जिवंत आहे? तू जेवतेसच ना?

मी हे नियम कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. बेळगावच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक पियानो होता. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. दुरुस्त करणारा माणूस मुंबईहून वर्षातून एकदा यायचा आणि त्या तीन पट्ट्यांना दर वर्षी हरायचा. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, मुकी पट्टी आली की बोट ठेवायचं आणि सूर मनात ऐकायचा. चाळीस वर्षं झाली, ते तीन सूर मला अजून इतरांपेक्षा जास्त स्वच्छ ऐकू येतात. दुपारी साडेतीनला बाकीच्या मुली घरी जायच्या आणि मी थांबायचे. खोलीत खडूचा, मेणाचा आणि सिस्टरांच्या लोकरी झग्याचा वास असायचा. मला तेव्हा वाटायचं, जगात याहून सुरक्षित जागा नाही.

सिस्टर फळ्यावर सुरांची एक ओळ लिहायच्या. कॅन्टस फर्मस, ठरलेलं गाणं. “हे तुझं नाही,” म्हणायच्या. “तुझ्या आधीपासून आहे. याला हात लावायचा नाही, सरळ करायचं नाही, सजवायचं नाही. तुला जे सांगायचं ते याच्या वरच्या ओळीत सांग.” मग वरची ओळ लिहायची. खालची चढली की वरचीने उतरावं, नाहीतर ते दोन आवाज नाहीत, एक आवाज आणि त्याची सावली. सगळ्यात उंच स्वर एकदाच यावा. आणि मोठी उडी घेतलीस तर लगेच उलटं वळून पायरीपायरीने खाली ये.

शेवटचा नियम तुला पाठ होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून उडी मारायचीस आणि मग एकेक पाऊल मागे टाकत म्हणायचीस, “आता पायरी, आता पायरी.” इतकी हसायचीस की पडायचीस. आता पंधरा वर्षांनी खरी उडी घेतलीस आणि एकही पायरी उतरायला तयार नाहीस.

तू बाबांना फोनवर म्हणालीस म्हणे की तुझं कॉलेज मी संपवलं. तर हेही एकदा स्पष्ट लिहिते. सिस्टरांचा आणखी एक नियम होता, संगीतातला नव्हे: कोणी विचारायच्या आधी कबूल करावं. कॉलेजच्या प्रवेशासाठी तू जी रचना पाठवलीस, तिच्यातले दोन बार, म्हणजे आठ ठोक्यांचा तुकडा, मी माझ्या हाताने दुरुस्त केला होता. ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. तू दुसऱ्या वर्षाला असताना मी तुझ्या प्राध्यापकांना पत्र लिहून ते कळवलं. मी खरं सांगितलं. त्यांनी तुला परत परीक्षेला बसायला सांगितलं, तर बसायचं होतं. तू ट्रंक भरलीस.

त्याच महिन्यात तू रचनेचा विषय सोडून तळघरातल्या मशीनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, खोलीत जायचा अर्ज केला होतास. त्याचा माझ्या पत्राशी काहीही संबंध नव्हता. संबंध होता असं तू बाबांना सांगितलंस, म्हणून लिहिते.

सुप्रभा


८ मार्च १९९१

सुमेधा,

तेरावा रविवारी झाला. मधुमतीने सगळं केलं. तुझी वाट पाहिली नाही.

क्रिमेटोरियमला तू आलीस हे सगळ्यांनी पाहिलं. शेवटच्या बाकावर, काळा चष्मा लावून, बरोबर दोन मित्र. तिथे ऑर्गनची टेप लावली होती. तू मधुमतीला म्हणालीस, “काकू, बाबा हेटेड ऑर्गन्स.” ते मला ऐकवायचं होतं तुला. मी पहिल्या बाकावर होते.

बाहेर पार्किंगमध्ये तू मला विचारलंस, “रविवारी अॅडमिट केलं आणि मला बुधवारी फोन? मंगळवारी ते गेल्यावर?” सगळ्यांच्या देखत विचारलंस. तर ऐक. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता. तो त्यांच्या डायरीत होता, डायरी त्यांच्या कोटात आणि कोट माझ्या हातावर. त्यांनीच सांगितलं होतं, उगीच तिला घाबरवू नकोस, शनिवारपर्यंत मी घरी असेन. तीस वर्षं दुसऱ्यांना भूल देऊन त्यांना शुद्धीवर आणणारा डॉक्टर असं म्हणाला तर बायकोने काय करावं? मी विश्वास ठेवला. तुझा नंबर माझ्याकडे का नव्हता, याचं उत्तर तू दे.

मला तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे, म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिलं नसतं.

तू लहान असताना आपण पुण्याला कॅसेट पाठवत होतो, आठवतं? पत्र लिहायला बाबांना कंटाळा. ते या टेबलाशी बसून टेपरेकॉर्डरशी बोलायचे: आज किती बर्फ पडला, सुमेधाला कोणते दात आले, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वरणासारखं काय मिळतं. अशा नऊ कॅसेट गेल्या. मी परवा श्रीनिवासभाऊजींना फोन करून त्या मागितल्या. म्हणाले, “वहिनी, त्यांच्यावर आम्ही केव्हाच कीर्तनं भरली. चांगल्या कॅसेट होत्या, रिकाम्या कोण ठेवतं?”

“रिकाम्या कुठे होत्या, भाऊजी? त्यांच्यावर तुमचा दादा बोलत होता.”

“अहो, पण ते आमचं ऐकून झालं होतं!”

रडायलाच लागले ते फोनवर. फोन मलाच ठेवावा लागला.

आपल्या घरात लग्नाचे फोटो आहेत, तुझ्या वाढदिवसांचे फोटो आहेत. त्यांचा आवाज कुठेही नाही. तीन आठवडे होत आले. मला त्यांचं खोकणं आठवतं, ‘हं’ आठवतं, पण पूर्ण वाक्य आठवायला गेलं की ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

तू जिथे जाशील तिथे मायक्रोफोन घेऊन जातेस. तुझ्याकडे काही असेल तर पाठव. हे मागणं आहे. याला समेट समजू नकोस.

सुप्रभा


३० मार्च १९९१

सुमेधा,

तुझं कार्ड मिळालं. ‘तुझ्याकडे आहे आई. आधीपासून आहे. नीट ऐक.’ एवढंच.

मी तीन दिवस घर उपसलं. माळ्यावरच्या पेट्या, त्यांची बॅग, गॅरेज, शिवणाच्या मशीनचा खण. दोन कॅसेट सापडल्या. एकीवर तुझे पियानोचे धडे, दुसरीवर मंडळाच्या आरत्या. तू मला कोडी घालते आहेस? नवरा गेलेल्या बाईला? मी भीक मागितली आणि तू मला गृहपाठ दिलास.

तुझी ती काळी रेकॉर्ड तेवढी कपाटात सापडली. काल ती जुन्या कोटांबरोबर चॅरिटी शॉपमध्ये देऊन आले. आता घरात तुझा एकही आवाज नाही. मला पुन्हा पत्र लिहू नकोस.


१६ ऑक्टोबर १९९४

चि. सुमेधा,

साडेतीन वर्षं तू माझं शेवटचं वाक्य पाळलंस. इतकं आज्ञाधारकपण तू पियानोच्या वेळी दाखवलं असतंस तर बरं झालं असतं.

मागच्या शनिवारी अतुल आला होता. घड्याळं तासाने मागे न्यायची वेळ जवळ आली की तो येऊन माझ्या बॉयलरचं घड्याळ लावून देतो. काम झाल्यावर टेबलाशी बसला. मी चहा ओतला, त्याच्यापुढे कपबशी ठेवली आणि बिस्किटांचा डबा काढायला वळले. मागे तो बोटांनी टेबलावर ठोका धरत होता. त्याबरोबर बशीतला चमचा किणकिणला.

मी म्हटलं, “अतुल.”

“सॉरी काकू, सवय आहे.”

“सॉरी नको. परत वाजव.”

तो घाबरतच वाजवायला लागला. आठ, आठ, आठ, आणि चौथ्या खेपेला सहाव्या ठोक्यावर थांबला. सातवा उशिरा आला.

“इथे का थांबलास?”

“ते तसंच आहे, काकू. सेव्हन्टी-फोर, सुमेधाचं. सगळ्यांना माहितीये ते. त्या पॉजसाठीच तर लोक नाचतात.”

“चूक आहे ती.”

“चूक असती तर तिने काढली असती ना. तिच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे टेप केलेला तुकडा परत परत वाजवणाऱ्या मशीनमध्ये, एक बटन असतं. दाबलं की वाकडे ठोके सरळ होतात, हाफ अ सेकंद लागतो. तिने मुद्दाम दाबलं नाही.”

तो बसला होता ती तुझ्या बाबांची खुर्ची. सात वाजताच्या बातम्या ऐकताना ते त्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी केरवा वाजवायचे. आयुष्यात तबला शिकले नाहीत आणि आयुष्यभर टेबल वाजवत राहिले. आणि चष्मा घसरायचा. दर थोड्या वेळाने एक हात वर जायचा, बोटाने चष्मा सरकवायचा आणि हात खाली येईपर्यंत ठोका उशिरा पडायचा. अठ्ठावीस वर्षं मी समोर बसून म्हटलं, “अहो, ताल सोडता तुम्ही.” ते म्हणायचे, “तालाला घाई आहे का कुठे जायची?”

तुझं कार्ड आठवलं. मी अतुलला म्हटलं, “बाळा, तू आता जा.” त्याने चहाही घेतला नव्हता.

चॅरिटी शॉपमध्ये विचारून काही उपयोग नव्हता, तरी विचारलं. मग बुधवारी ट्रेनने लंडनला गेले आणि कॅमडेनमध्ये चार रेकॉर्डची दुकानं पालथी घातली. अंगावर कोट, हातात मंडळाची कापडी पिशवी. पहिल्या दुकानात मला वाटलं, हे मला वाट चुकलेली समजून बसस्टॉप दाखवणार, आणि त्यांनी खरंच दाखवला. चौथ्या दुकानात पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला एक माणूस होता. म्हणाला, “नाव काय म्हणालात, लव्ह?”

“सेव्हन्टी-फोर.”

“कशासाठी विचारताय?”

“तो माझ्या घराचा नंबर आहे.”

त्याने मागच्या खणातून ती काढली, मशीनवर लावली आणि स्वतःच्या कानावरचे हेडफोन उतरवून माझ्या कानांवर ठेवले. पंचेचाळीसवर.

रेकॉर्ड पिशवीत घालून तुझ्या दारावरून गेले. वरच्या खिडकीत दिवा होता. बेल वाजवली नाही. मला आधी वही तपासायची होती.

आता ऐक. माझं मत तू मागितलेलं नाहीस, तेव्हा ते पूर्ण ऐकून घे.

बाबांचं बोट ही तुझी ठरलेली ओळ आहे. तिला तू हात लावलेला नाहीस. ती सरळ केली नाहीस, सजवली नाहीस. वर जे जे लिहिलंस ते तिला धरून लिहिलंस. खालचा सूर चढतो तिथे तुझा वरचा उतरतो. सगळ्यात उंच स्वर सात मिनिटांत एकदाच येतो, पाचव्या मिनिटाच्या थोडं आधी, आणि तिथे पोचायला तू घेतलेली उडी इतकी मोठी आहे की मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. मग तू पायरीपायरीने उतरलीस. एकही पायरी गाळली नाहीस, मी मोजल्या. आणि प्रत्येक वेळी चष्मा वर जातो तिथे वरचे सगळे आवाज त्यांच्यासाठी थांबतात. मी एवढ्या वर्षांत एकदाही थांबले नाही.

सिस्टर बेनेडिक्टांनी हे ऐकलं असतं तर आधी कानांवर हात ठेवले असते आणि मग पैकीच्या पैकी गुण दिले असते. मासिकात तू काय वाटेल ते सांगितलंस, पण रेकॉर्डमध्ये खोटं बोलू शकली नाहीस. तुझं ते मुलाखतीतलं वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. पण ‘तू चुका ऐकली, माणूस नाही ऐकली’ हे तुझं वाक्य, व्याकरण सोडलं तर, बरोबर होतं.

पहिल्या पत्रातल्या पहिल्या दोन चुका मी मागे घेते. उशीर त्यांच्या चष्म्याचा होता आणि किणकिण त्यांच्या बशीतल्या चमच्याची. तिसरी चूक आहे. शेवट तुटलेलाच आहे. पण तो ‘खट’ आवाज मी त्या दुकानात ओळखला. आपल्या पुढच्या दाराच्या कुलपाचा आवाज आहे तो. त्या शनिवारी वेम्बलीत मधुमतीचं डोकं दुखायला लागलं म्हणून आम्ही दोन तास लवकर परतलो. मी किल्ली फिरवली. बाबांचे हात थांबले. तू मशीन उचलून मागच्या दाराने गेलीस आणि ते कप धुवायला उठले. माझ्या येण्याने गाणं थांबलं. तू ते कापून टाकू शकली असतीस. टाकलं नाहीस. मला दाखवायला ठेवलंस की शिक्षा म्हणून, ते मला कळलेलं नाही. दोन्ही असेल तर तसं सांग.

आता विचारायच्या आधी कबूल करायची गोष्ट. तुझ्या प्रवेशाच्या रचनेतले ते दोन बार मी दुरुस्त केले होते हे खरं आहे. पण तू माझी दुरुस्ती रबराने खोडून तुझेच दोन बार परत लिहिले होतेस. कागद पाकिटात मी घातला, मी पाहिलं होतं. तुझे बार माझ्याहून चांगले होते. कॉलेजला पत्र लिहिताना मला हे माहीत होतं. तू त्या तळघरात गेलीस की माझ्याकडे शिकण्यासारखं काही उरणार नाही, म्हणून मी ते लिहिलं, आणि त्याला खरेपणाचं नाव दिलं. तू त्यांना एका शब्दाने सांगू शकली असतीस की आई खोटं बोलते आहे. बोलली नाहीस. इतकी वर्षं मला तुझ्या त्या गप्प बसण्याचाच राग येत होता. अजूनही येतो.

काल कॉलेजला पत्र टाकलं. आठ वर्षांनी त्याचं काय करायचं ते त्यांना कळणार नाही. प्रत सोबत आहे.

आणि हॉस्पिटलची गोष्ट. डायरी रविवार संध्याकाळपासून माझ्या पर्समध्ये होती. त्यांनी सोमवारी विचारलं होतं, “सुमेधाला कळवलंस?” मी हो म्हटलं.

हे वाचून तू हे पत्र फाडलंस तरी मी समजून घेईन असं लिहिणार होते. नाही घेणार. मला ती टेप ऐकायची आहे. तू रेकॉर्डमध्ये तिच्यातली चारच आवर्तनं घेतलीस. पूर्ण टेपवर तासभर असेल. त्यात ते बोलले असतील. ती पोस्टाने पाठवू नकोस. कॅसेट पाठवल्या की काय होतं ते आपण पाहिलं आहे.

तुझी किल्ली तुझ्याकडे असेलच, ती कधी परत मागितली नव्हती. कुलूप तेच आहे, त्याला अजून तेल घातलेलं नाही. पुढच्या दाराने ये, म्हणजे मला ऐकू येईल.

आई